आजीपाशी ठेवलेली मुले

बेळगावच्या उत्तरेस काही मैलांवर कडोली हे गाव आहे. त्या गावात, किंवा उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा बेळगावच्या आसपासच्या कोणत्याही मराठी गावात, दिवेलागणीच्या वेळी एखाद्या घराच्या सोप्यात डोकावले तर एक देखावा सहज दृष्टीस पडतो. आजोबा रानातून परतून पाय धूत असतात, आजी चुलीपाशी असते, आणि भिंतीला टेकून आठ-दहा वर्षांचे एखादे मूल दप्तर पसरून बसलेले असते. त्याचे वडील फौजेत असतात, किंवा गोव्याला कामावर असतात. कधी आई-वडील दोघेही पुण्यास असतात, आणि तिथली खोली लहान म्हणून, शाळेचे नक्की व्हायचे आहे म्हणून, किंवा म्हाताऱ्यांना सोबत हवी म्हणून मूल गावी राहिलेले असते. त्याला कोणी पोरके म्हणत नाही, आणि म्हणण्याचे कारणही नाही. दोन वेळची भाकरी आहे, माया आहे, शाळा आहे. एवढे खरे, की एक दिवस त्याचे आई-वडील येतील व त्याला घेऊन जातील, ही गोष्ट त्या घरात सर्वांना ठाऊक असते आणि तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही.

कडोलीत दर वर्षी मराठी साहित्य संमेलन भरते. सीमाभागातील खेडेगावांनी चालविलेल्या अशा संमेलनांची ही परंपरा मोठी अभिमानास्पद आहे. शहरातले लेखक तेथे जातात, परिसंवाद होतात, कवितावाचन होते, पुस्तके विकली जातात. त्या सोप्यात बसलेल्या मुलाने संमेलनाच्या मांडवातील पुस्तकांत स्वतःला शोधावयाचे ठरविले, तर त्याला काय सापडेल? राजाराणी सापडतील, ससे आणि कासवे सापडतील, शिवकाल सापडेल. परंतु आजीपाशी ठेवलेले आणि पुढे कधीतरी बोलावून घेतले जाणारे मूल त्याला क्वचितच भेटेल.

असे मूल ज्या वाङ्मयात वारंवार भेटते, ते वाङ्मय अगदी दूरच्या मुलखाचे आहे. वेस्ट इंडीजची बेटे आपल्याकडे क्रिकेटमुळे परिचित आहेत. तेथील हजारो कुटुंबे दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात, आणि पुढे अमेरिकेत व कॅनडात, पोटासाठी गेली. त्या कुटुंबांविषयी गेल्या पन्नास वर्षांत मुलांसाठी जी इंग्रजी पुस्तके लिहिली गेली, त्यांचा वरवरचा विषय 'नवा देश' हा असला, तरी त्यांचे मर्म नव्या देशात नाही. ते मागे राहिलेल्या आजीच्या घरात आहे.

'एम्पायर विंडरश' नावाची आगबोट २२ जून १९४८ रोजी लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतारू घेऊन आली, आणि त्या दिवसापासून ब्रिटनमधील कॅरिबियन वसाहतीचा इतिहास मोजला जातो. जमैकातील किंग्स्टनहून सर्वांत स्वस्त जागेचे भाडे २८ पौंड १० शिलिंग होते. बोटीवरील १,०२७ उतारूंत बारा वर्षांपर्यंतची मुले अवघी ८६ होती. या दोन आकड्यांतच पुढची सारी कहाणी आहे. एका माणसाच्या भाड्यासाठी जिथे गाय विकावी लागे किंवा कर्ज काढावे लागे, तिथे पोरांसकट कुटुंब हलणे शक्यच नव्हते. आधी बाप जाई. तो एखादी खोली मिळवी, काही महिन्यांनी बायकोला बोलावी. मुले आजीपाशी, मावशीपाशी किंवा पैसे घेऊन सांभाळणाऱ्या कोणा बाईपाशी राहत. मग एकेक करून, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत किंवा उलट, त्यांना बोलावणे येई. १९६२ साली इंग्लंडने येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला, तेव्हा तर दार मिटण्यापूर्वी आत शिरण्याची एकच धांदल उडाली.

याच बेटांवर १८३८ ते १९१७ या काळात हिंदुस्थानातूनही लाखो मजूर उसाच्या मळ्यांवर करारबंदीने नेले गेले होते. ते बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांताकडचे. मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूर प्रायः मॉरिशसला उतरले. त्रिनिदाद आणि गयाना येथे या हिंदी वंशजांच्या घरांत वडिलांच्या आईला आजही 'आजी' म्हणतात. भोजपुरीतून गेलेला हा शब्द आहे. तथापि कडोलीच्या मुलाने तो त्रिनिदादमध्ये ऐकला तर त्याला दुभाष्याची गरज भासणार नाही.

या पुस्तकांपैकी सर्वांत प्रसिद्ध पुस्तक फ्लोएला बेंजामिन या बाईंचे. १९९५ साली प्रसिद्ध झालेले 'कमिंग टू इंग्लंड' हे त्यांचे आत्मकथन मुलांसाठी लिहिलेले असून ब्रिटनमधील शाळांतून वाचले जाते. बाई १९४९ साली त्रिनिदादमध्ये जन्मल्या. वडील आधी इंग्लंडला गेले, मग आई धाकट्या दोघांना घेऊन गेली, आणि चार भावंडे मागे राहिली. चौघांना एका घरी ठेवता येईना, म्हणून दोघे एका बाईकडे आणि दोघे दुसरीकडे. वर्षाहून अधिक काळ तसा गेला. सांभाळणाऱ्यांनी त्यांना प्रेमाने वागविले नाही. पत्रांतून हे आईला कळविण्याची सोय नव्हती. १९६० साली ही चार मुले कोणा वडीलधाऱ्या आप्ताविना बोटीतून पंधरवड्याचा प्रवास करून साउदॅम्प्टनला उतरली. आई धक्क्यावर उभी होती. इंग्लंड म्हणजे राणीचा देश, तेथे सारे भव्य असणार, अशा कल्पनेने आलेल्या त्या मुलांना आईने एका खोलीत नेले आणि हेच आपले घर म्हणून सांगितले.

या पुस्तकाचा उत्तरार्ध वर्णद्वेषाचा आहे, आणि समीक्षक त्याविषयीच अधिक बोलतात. पण लहान वाचकाच्या मनाला आधी झोंबतो तो पूर्वार्ध. आई-बापांनी आपल्याला टाकले काय, हा प्रश्न ते मूल मोठ्याने विचारीत नाही. विचारले तर उत्तर 'हो' असे येईल अशी त्याला धास्ती असते. मोठ्यांना ही धास्ती ठाऊक नसते, कारण त्यांच्या हिशेबात सारे मुलांसाठीच चाललेले असते. दोघांचेही खरे, आणि तरी दोघे एकमेकांपासून दूर, असा हा पेच आहे. बाईंनी तो कोणाला दोष न देता मांडला, यात त्यांची थोरवी दिसते. याच बाईंना पुढे २०१० साली उमरावसभेत स्थान मिळाले. २२ जून २०२२ रोजी लंडनच्या वॉटर्लू स्थानकात बेसिल वॉटसन या शिल्पकाराने घडविलेले जे विंडरश स्मारक उघडण्यात आले, त्याच्या समितीच्या अध्यक्षाही त्याच होत्या. त्या शिल्पात ठेवणीतले कपडे घातलेले एक पुरुष, एक स्त्री आणि एक मूल सामानाच्या पेट्यांच्या ढिगावर हात धरून उभे आहेत. बहुसंख्य कुटुंबे अशी तिघे मिळून हात धरून उतरली नाहीत, हे वर सांगितलेच आहे. परंतु स्मारकाने इतिहासापेक्षा इच्छेला अधिक जपले, तर त्याला फार बोल लावू नये.

बेंजामिन झेफानाया हे ब्रिटनमधील नामवंत कवी २०२३च्या डिसेंबरात वारले. त्यांनी २०२० साली 'विंडरश चाइल्ड' ही किशोरांसाठी कादंबरी लिहिली. तिचा नायक लेनर्ड दहा वर्षांचा आहे. जमैकाच्या डोंगराळ भागात, मरून टाऊन येथे, तो आई आणि आजी यांच्या सहवासात वाढतो. आजी हीच त्याची जिवाभावाची सोबतीण. वडील मँचेस्टरला गेले तेव्हा तो इतका लहान होता, की त्यांचा चेहरा त्याच्या आठवणीत नाही. आईबरोबर तो बोटीने निघतो, आणि प्रवासाच्या शेवटी त्याच्यापुढे एक अनोळखी माणूस येतो. आई म्हणते, हे तुझे वडील. बालवाङ्मयात राक्षसाच्या भेटीचे प्रसंग पुष्कळ आहेत, पण या साध्या भेटीइतके अवघड प्रसंग थोडे असतील. मुलाने त्या माणसावर लगेच प्रेम करावे अशी सर्वांची अपेक्षा असते. त्या माणसाने तर वर्षानुवर्षे कष्ट उपसले ते याच क्षणासाठी. आणि मुलाला त्या क्षणी हवी असते आजी, जी आता समुद्रापलीकडे राहिली.

हा प्रसंग वाचताना मराठी वाचकाला मुंबईच्या गिरणगावाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कोकण, सातारा, कोल्हापूर, चंदगड, बेळगाव या भागांतून माणसे गिरण्यांत गेली; एकेका खोलीत पाळीपाळीने दहा-वीस जण झोपले, खाणावळीत जेवले, आणि महिन्याला मनिऑर्डर धाडीत राहिले. वर्षातून एकदा गणपतीला किंवा शिमग्याला गावी येणारा बाप ओसरीवर ट्रंक ठेवतो, आणि त्याचे धाकटे पोर आजीच्या पदराआड लपते, ही गोष्ट गावोगाव घडलेली आहे आणि ती हसून सांगितली जाते. ती हसण्यासारखी आहे काय, हा विचार मात्र फारसा कोणी केलेला नाही.

शाहीर अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजली. मुंबईस गेलेला पुरुष गावी राहिलेल्या पत्नीसाठी झुरतो, आणि अखेरीस त्या ताटातुटीतून खंडित महाराष्ट्राची, बेळगाव-कारवारची व्यथा प्रकट होते. स्थलांतराचे इतके प्रत्ययकारी गाणे मराठीत दुसरे दाखविणे कठीण आहे. पण त्यात पुरुष आहे, पत्नी आहे, मुलूख आहे, मूल नाही. मौज अशी, की अण्णा भाऊ स्वतः १९३१च्या सुमारास वाटेगावहून वडिलांबरोबर मुंबईला पायी चालत आलेले मूल होते. पोटासाठी गाव सोडण्याचा अनुभव मराठी माणसाजवळ नाही असे नव्हेच. तो अनुभव त्याने मोठ्यांच्या कंठातून गायिला, आणि पोराच्या वाट्याला गोष्टी दिल्या त्या चिमणी-कावळ्याच्या.

साने गुरुजींचा श्याम पालगड सोडून शिकण्यासाठी दापोलीला जातो, पुढे औंधला जातो. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाने मराठी घरांतील तीन पिढ्या रडविल्या. तेथे ताटातूट आहे, पण ती मुलाने दूर जाण्याची आहे. आई घरीच आहे, घर जागच्या जागी आहे, आणि मुलाला परत येण्याची वाट माहीत आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत येतो, आणि शहराला चार दिवसांत खिशात घालतो. त्या पोराची हुशारी अजूनही लोभस वाटते, पण त्याला गावची आठवण काढण्यास लेखकाने फुरसत ठेवली नाही.

कॅरिबियन पुस्तकांतील मुलाला अशी वाट ठाऊक नसते. रोझा गाय या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या लेखिका स्वतः मुलगी असताना, १९३२ साली, न्यूयॉर्कला गेल्या. आई-वडील आधी गेले होते. मुली मागून पोचल्या. त्यांची 'द फ्रेंड्स' ही कादंबरी १९७३ची. तिच्यातील फिलीशिया ही मुलगी हार्लेमच्या शाळेत येते आणि वर्गातील मुलांचा मार खाते. मारणारी मुले गोरी नाहीत. तिच्यासारखीच काळी आहेत. तिचा गुन्हा इतकाच, की तिचे इंग्रजी बेटावरचे आहे आणि ती उत्तरे देण्यासाठी हात वर करते. भाषा तीच, रंग तोच, आणि तरी हेल वेगळा म्हणून परकेपणा, हे दुखणे इतक्या लवकर आणि इतक्या निर्भीडपणे मुलांच्या पुस्तकात आले, ही मोठी गोष्ट होय.

कडोलीची मुलगी पुण्याच्या वर्गात प्रथम उभी राहते तेव्हा काय होते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना फिलीशिया परकी वाटणार नाही. बेळगाव-कोल्हापूरकडच्या पुष्कळ मुली 'मी आलो', 'मी गेलो' असे बोलतात. त्यांच्या आया व आज्याही तसेच बोलतात. 'पण' म्हणावयाचे तिथे 'खरं' म्हणतात. बोलण्याला कानडीचा एक हेलकावा असतो. मराठीसाठी ज्या गावांनी इतकी वर्षे आंदोलने केली, त्या गावची मुलगी मराठी शहरात जाते आणि तिच्या मराठीला वर्ग हसतो. घरी येऊन ती हे सांगत नाही. महिन्याभरात 'मी आले' म्हणू लागते, आणि सुटीत गावी गेल्यावर आजीपुढे कोणते रूप वापरावे असा तिला पेच पडतो. एवढ्याशा क्रियापदात एक अख्खी कादंबरी आहे, आणि ती मराठीत कोणी मुलांसाठी लिहील तर बरे होईल.

हैतीच्या एडविज डांटिका यांचे नाव येथे घेतले पाहिजे. त्या दोन वर्षांच्या असताना वडील न्यूयॉर्कला गेले, चार वर्षांच्या असताना आई गेली, आणि त्या काका-काकूंपाशी वाढल्या. १९८१ साली, बाराव्या वर्षी, त्या आई-वडिलांकडे पोचल्या, तेव्हा तेथे जन्मलेले दोन भाऊ त्यांची वाट पाहत होते. म्हणजे भाऊ होते आणि ओळख नव्हती. त्यांची 'बिहाइंड द माउंटन्स' ही २००२ सालची दैनंदिनीच्या रूपातील किशोरकादंबरी डोंगरातल्या एका खेड्यातून सुरू होते आणि ब्रुकलिनमध्ये संपते. सेलियान ही मुलगी, तिची आई आणि थोरला भाऊ पुष्कळ वर्षांनी वडिलांकडे जातात. इतक्या वर्षांच्या ओढीनंतर सारे एका छपराखाली येतात, आणि मग थोरल्या मुलाचे व बापाचे पटत नाही. बाप ज्याला बोलावतो तो लहान मुलगा असतो; येऊन पोचतो तो जवळजवळ पुरुष. ताटातुटीचे दुःख सर्वांना समजते. एकत्र येण्याचे दुःख सांगावयास धीर लागतो, आणि तो या बाईंजवळ आहे.

त्यांच्याच 'मामाज नाइटिंगेल' या २०१५च्या चित्रपुस्तकात आई तुरुंगासारख्या एका छावणीत अडकलेली असते, कारण तिच्याजवळ कागद नसतात. ती ध्वनिफितीवर गोष्टी सांगून घरी पाठविते आणि छोटी साया त्या ऐकत झोपी जाते. जमैका, हैती येथील पुष्कळ घरांत ध्वनिफिती अशा पत्रांसारख्या वापरल्या जात. वस्तूही येत. इंग्लंड-अमेरिकेत गेलेल्या आया मोठ्या पिंपात तांदूळ, साबण, कपडे, बूट भरून बोटीने गावी धाडीत. जमैकात अशा मुलांना 'पिंपाची मुले' हेच नाव पडले. पिंप उघडताना सारी आळी जमे. बूट बहुधा पायाला लहान होत, कारण आईने मागच्या वर्षीच्या मापाने घेतलेले असत. आज कडोलीच्या सोप्यात आई-बापाचा चेहरा दूरध्वनीच्या काचेवर रोज दिसतो. पुण्याहून येणारे बूट मापात बसतात. दुरावा तेवढ्याने कमी होतो की केवळ रोजचा होतो, हे त्या मुलाला विचारले पाहिजे.

पुस्तकांमागची खरी जोखीम किती मोठी होती, हे २०१८ साली उघड झाले. विंडरशच्या काळात आई-बापांच्या पारपत्रावर आलेली मुले आता साठी ओलांडलेली होती. ती आली तेव्हा ती ब्रिटिश प्रजाजनच होती. पुढे १९६२ साली जमैका व त्रिनिदाद स्वतंत्र झाले, कायदे बदलले, १ जानेवारी १९७३ पासून नवे नियम आले, आणि अर्ध्या शतकानंतर यांना विचारण्यात आले की तुम्ही येथे राहता याचा पुरावा काय. बंदरात उतरताना भरलेली कार्डे सरकारनेच २०१० साली नष्ट केली होती. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, दवाखान्यांची दारे बंद झाली, काहींना जन्मभूमीला पाठवून देण्यात आले, जिथे त्यांना ओळखणारे कोणी उरले नव्हते. झेफानाया यांचा लेनर्डही म्हातारपणी न्यायालयापुढे उभा राहतो तो याच कारणाने. विंडरशच्या मुलांची पुस्तके त्यानंतर एकदम वाढली. जॉन अगार्ड यांची जुनी कविता २०२२ साली चित्रपुस्तक होऊन आली, आणि 'कमिंग टू इंग्लंड'लाही चित्रमय आवृत्ती लाभली. सरकारी दप्तराने जे हरविले ते मुलांच्या पुस्तकांनी नोंदवून ठेवले, असा हा विलक्षण योग आहे.

माणूस जागच्या जागी असता कायदा त्याच्या पायाखालून सरकणे, हे कडोलीला नवे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवशी कडोलीच्या एकाही मुलाने घर सोडले नाही, बोटीत पाऊल ठेवले नाही. परंतु कचेरीची भाषा बदलली, बसवरच्या पाटीची अक्षरे बदलली. या दोन गोष्टी सारख्या तोलाच्या नव्हेत, आणि तशा त्या मानू नयेत. कडोलीकराला कोणी देशाबाहेर घालविले नाही. तरी घर न सोडता परके होण्याचा अनुभव म्हणजे काय, हे कडोलीच्या आजोबांना समजावून सांगावे लागणार नाही.

याच बेळगाव जिल्ह्यात दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायको, ज्यांना हिशेबात मिळून 'एक कोयता' म्हणतात, साखर कारखान्यांच्या आसपास कोप्या घालून राहतात आणि उन्हाळा लागता परततात. त्यांची काही मुले संगतीने येतात; काही गावी आजीपाशी राहतात. संगतीने आलेल्या मुलाच्या चोहोबाजूंस कानडी शाळा असतात, आणि आजीपाशी राहिलेल्या मुलापाशी शाळा असून आई नसते. महाराष्ट्रात या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, बंद पडल्या, पुन्हा निघाल्या. उसाने कॅरिबियनमध्ये जे केले तेच थोड्या फरकाने तो येथेही करीत आहे.

कोणी म्हणेल, मराठीत असे मूल नाहीच काय? आहे, आणि ते बेळगावकडचेच आहे. प्रकाश नारायण संत यांचा लंपन आई-वडिलांना व भावंडांना सोडून आजी-आजोबांच्या घरी राहावयास येतो. संत हे इंदिरा संत यांचे चिरंजीव, १९३७ साली बेळगावात जन्मलेले. इंदिराबाईंचे माहेर दीक्षितांचे, आणि प्रकाशरावांचे कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित असे होते. म्हणजे आजोळी राहिलेल्या मुलाची ही कहाणी कल्पनेने रचलेली नव्हे. १९९४ साली 'वनवास' निघाले. त्यामागून 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. पहिल्या पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे. आजी लाड करते, आजोबा जीव लावतात, सुमीसारखी मैत्रीण आहे, गावात गंमती आहेत, आणि तरी तो वनवास आहे. लंपन स्वतः तसे म्हणत बसत नाही. तो मॅडसारखे भलतेच मोठे आकडे मोजतो, कानडी मिसळलेल्या मराठीत मित्रांशी बोलतो, आणि मधेच एखाद्या वासाने किंवा सुराने त्याला आई आठवते व वाचकाचा श्वास अडखळतो. सीमाभागातली बोली शुद्ध-अशुद्धाच्या कचाट्यातून सोडवून संतांनी तिला मुलाच्या मनाची भाषा केले. २००३ साली ते वारले. २०२४ साली या कथांवर निपुण धर्माधिकारी यांनी मालिका केली आणि लंपन पुन्हा घरोघर पोचला.

लंपनच्या कथा मुलांविषयी आहेत, पण त्या मोठ्यांच्या मासिकांतून आणि मोठ्यांच्या वाचनातून वाढल्या. दहा वर्षांच्या वाचकाने त्या हाती घ्याव्यात अशी त्यांची मांडणी, टंक, चित्रे नाहीत. संतांच्या लेखणीला यात उणेपणा नाही. प्रकाशकांनी मात्र येथे एक दार उघडायचे ठेवले आहे. ज्युनो डियास या डोमिनिकन लेखकाने 'आयलंडबॉर्न' या २०१८च्या चित्रपुस्तकात काय केले ते पाहण्यासारखे आहे. लोला ही मुलगी तान्ही असताना बेट सोडून आलेली. तिला तिथले काहीच आठवत नाही. बाई वर्गात सांगतात, आपण ज्या देशातून आलो त्याचे चित्र काढा. लोला घाबरते. मग ती आळीतल्या सर्वांना विचारीत सुटते: केस कापणाऱ्याला, आजीला, इमारतीची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याला. कोणी संगीत सांगतो, कोणी आंबे सांगतो. तो म्हातारा मात्र एका राक्षसाची गोष्ट सांगतो, ज्याच्या भीतीने बेट तीस वर्षे गप्प होते. मोठ्या वाचकाला तो हुकूमशहा त्रुहियो आहे हे कळते. छोट्यांना राक्षस पुरतो. लोला वर्गात एका चित्राऐवजी चित्रांचे पुस्तकच घेऊन जाते.

पुण्याच्या, पणजीच्या किंवा मुंबईच्या शाळेत बसलेल्या कडोलीच्या मुलाला कोणी असा गृहपाठ दिला, तर त्यालाही आजीलाच विचारावे लागेल. आणि येथे कॅरिबियन पुस्तकांतील एक उणीव डोळ्यांत भरते. त्यांतली बहुतेक पुस्तके गेलेल्यांनी लिहिली. त्यांत आजी धक्क्यापर्यंत येते, हात हलविते, आणि बोट सुटली की पानांतून नाहीशी होते; पुढे ती पत्रात भेटते, आणि शेवटी तिच्या मृत्यूची तार येते. त्या मुलाला सांभाळल्यानंतर, आणि त्याला परत दिल्यानंतर, तिच्या घरात काय घडले, ते बोटीत बसलेल्याला दिसणे शक्य नव्हते. कडोली बोटीत बसलेली नाही. ती ओसरीवर उभी आहे. मे महिन्यात आई-बाप येतात, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला काढला जातो, आजी पिशवीत शेंगांची चटणी आणि चार रताळी घालते, आणि बेळगावची बस येते. बस वळणाआड गेल्यावर जी गोष्ट सुरू होते, ती मुलांसाठी अद्याप कोणी लिहिलेली नाही. आणि ती ज्यांना ठाऊक आहे, त्या आज्या कडोलीच्या संमेलनाच्या मांडवात पहिल्या रांगेच्या बऱ्याच मागे, बायकांच्या बाजूला, पदर सावरून बसलेल्या असतात.